उलटं करून पाहिल्याशिवाय भाव ठरवू नका

प्रश्न असा आहे: "सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला आमचा माळवदाचा वाडा पाडून तिथे अपार्टमेंट होणार आहे. घरात सासऱ्यांच्या आजोबांपासूनचं लाकडी सामान आहे. पितळी कड्यांचा झोपाळा, शिसवी पलंग, आरशाचं उंच कपाट, वेताची लांब हातांची आरामखुर्ची, आडतीच्या पेढीवरचं बैठं डेस्क, दोन काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. एका व्यापाऱ्यानं फोटो पाहून सगळ्याचे मिळून ८०,००० सांगितले, आठवड्याभरात उचलतो म्हणाला. हे खरंच अँटिक आहे का? भाव बरोबर आहे का? तिघा भावांत वाटणी कशी करायची?"

ताई, आधी त्या व्यापाऱ्याला थांबायला सांगा. तो फसवतोच आहे असं मी म्हणत नाही. पण उक्त्या सौद्यात घेणाऱ्याची नजर एक-दोन वस्तूंवर असते आणि बाकीच्या पाच त्यांच्यावर पांघरूण घालायला असतात. त्याला एवढंच म्हणा की प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहून द्या. लिहून देताना तो कुठे अडखळतो, कोणती वस्तू "तशीच टाका त्यात" म्हणतो, ते बघा. तुमच्या यादीत ती वस्तू पेढीवरचं डेस्क असेल असा माझा अंदाज आहे. त्याकडे पुढे येतो.

दुसरी विनंती, आणि ही जास्त तातडीची. भाव विचारण्याआधी सामान "जरा नीट" करून घेऊ नका. पॉलिशवाला बोलावू नका, घासकागद लावू नका, सैल पायात खिळा ठोकू नका, गेलेल्या वेताच्या जागी प्लायवूड बसवू नका. शंभर वर्षं हात लागून, तेल-धूर-धूळ बसून लाकडावर जी झिलई येते ती यंत्रानं घासल्यावर एका दुपारीत जाते, आणि कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही. वर मेलामाइनचा चकचकीत थर चढला की जाणकार गिऱ्हाईक मागे सरतं. सोलापुरातल्या कितीतरी चांगल्या वस्तूंची किंमत वाळवीनं नव्हे, लग्नाआधीच्या रंगरंगोटीनं घालवली आहे. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, तेवढं पुरे.

आता ओळख. दर्शनी बाजू सजवलेली असते, तिच्यावरून फार थोडं कळतं. खरी माहिती खाली, मागे आणि आत असते. प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि बॅटरीचा उजेड तिरपा टाका. हाताच्या रंध्यानं साफ केलेल्या फळीवर बोट आडवं फिरवलं तर हलक्या लाटा लागतात. गोल आऱ्यावर कापलेल्या फळीवर कमानीसारख्या रेघा दिसतात. हातकरवतीच्या रेघा सरळ, पण एकमेकींशी किंचित तिरक्या असतात. परदेशी पुस्तकं इथून थेट वयाकडे उडी मारतात, आपण मारू नये. आपल्याकडे हातकरवत आणि रंधा विसाव्या शतकात फार उशिरापर्यंत चालले. माझ्या ओळखीचे म्हातारे सुतार सत्तरच्या दशकातही सगळं हातानंच करत. त्यामुळे हाताचं काम दिसलं म्हणजे शंभर वर्षं झाली, असं धरू नका.

जास्त उपयोगी पडतात त्या "याच्या आधीची नाही" असं सांगणाऱ्या खुणा. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात निघाला आणि आपल्या सुतारांच्या पेटीत त्याहून बराच नंतर आला. सांध्यातून पांढरा, प्लॅस्टिकसारखा गोंद डोकावत असेल तर तो फेव्हिकॉलच्या जातीचा, आणि फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ साली. त्याआधी सरस वापरायचे. तो तपकिरी असतो, जुना झाला की काचेसारखा तडकतो आणि कोमट पाण्याच्या बोळ्यानं मऊ पडतो. पाठीला प्लायवूड असेल तर ते बहुधा स्वातंत्र्यानंतरचं काम. मात्र एक फुलीचा स्क्रू म्हणजे दुरुस्ती, आणि सगळीकडे तेच स्क्रू असून शेजारी दुसरी जुनी भोकं नसतील तर वस्तूच त्या काळातली. हा फरक डोळ्यांत तेल घालून पाहायचा. जुन्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच कित्येकदा मधोमध नसते, तेही बघा.

झीज कुठे आहे, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. खण शंभर वर्षं ओढला गेला असेल तर त्याच्या खालच्या कडा आणि ज्या पट्टीवर तो सरकतो ती पट्टी खोलगट झालेली असते. खुर्चीच्या हाताचं टोक, पुढची आडवी दांडी, कपाटाच्या मुठीभोवतीची जागा, जिथे माणसाचा हात-पाय जातो तिथेच लाकूड झिजतं. सगळीकडे सारखी झीज दिसली, किंवा पाठीमागे कुणी हात लावणार नाही अशा जागीही गुळगुळीत कडा असल्या, तर ती कानशीची करामत समजा.

आपल्या हवेचीही मदत घ्या. सोलापूरचा कोरडा उन्हाळा लाकडाला आडवं आकसवतो, उभं जवळजवळ नाही. म्हणून जुन्या गोल टेबलाचा वरचा गोल टेपनं दोन्ही दिशांना मोजला की रेषांच्या आडव्या बाजूला एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी भरतो. तो अगदी नेमका गोल भरला तर माझ्या मनात शंका येते. कपाटाच्या दारातल्या दिल्ल्या, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फळ्या, आकसून कडेला पॉलिश न लागलेली कोऱ्या लाकडाची बारीक रेघ उघडी पडलेली असते. ती चांगली खूण आहे. ती रंगवू नका.

आता घरच्या आठवणीचं. प्रत्येक घरात सामान "दोनशे वर्षांपूर्वीचं" असतं, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला तसंच सांगितलेलं असतं. पण जरा हिशेब करा. सासऱ्यांचा जन्म १९५० च्या आसपासचा धरला तर त्यांच्या आजोबांचा १८९० ते १९०० मधला. त्यांच्या लग्नात आलेला पलंग १९१० ते १९२५ चा. म्हणजे तुमचं सामान शंभरीच्या उंबरठ्यावर आहे, काही अलीकडे, काही पलीकडे. शहराचा इतिहासही याला जुळतो. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली, जुनी गिरणी सुरू झाली १८७७ साली. सूत, कापड आणि आडत यांचा पैसा पेठांत खेळू लागला, मुंबईहून जड सामान रेल्वेनं आणणं जमू लागलं, तेव्हा कुठे टेबल-खुर्च्या, आरशाची कपाटं, आरामखुर्च्या वाड्यांत शिरल्या. त्याआधी बैठक जमिनीवरची होती: गादी, लोड, तक्क्या, चौरंग, पेटारा आणि झोपाळा. म्हणून "पेशवाईतलं ड्रेसिंग टेबल" कुणी दाखवलं तर नम्रपणे मान डोलवावी आणि खण उलटा करावा.

वस्तूच्या पोटाशी काही कोरलेलं, ठोकलेलं किंवा पेन्सिलीनं लिहिलेलं आहे का ते शोधा. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा नांदतात, त्यामुळे खूण कोणत्या लिपीत आहे यावरून कधीकधी माग लागतो. रेल्वेच्या सामानावर कंपनीची अक्षरं ठोकलेली असत. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असेल तर १९५१ मध्ये मध्य रेल्वे होण्याआधीचं. एम.एस.एम. असेल तर ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. ही कंपनी १९०८ ते १९५१ एवढ्याच काळात होती आणि होटगीहून गदगकडे जाणारा मार्ग तिच्याकडे होता. अशी दोन-तीन अक्षरं वस्तूचं वय आमच्या कुणाच्याही अंदाजापेक्षा पक्कं सांगतात.

लाकूड ओळखताना रंगावर जाऊ नका. काळं पॉलिश मारलेला साग आपल्या भागात "शिसवी" म्हणून सर्रास खपतो. पलंगाच्या पायाचा तळ, जिथे पॉलिश पोचत नाही, तिथे नखानं किंवा पटाशीच्या टोकानं अगदी थोडं खरवडा. साग आतून सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि ताज्या खरवडीला चामड्याची आठवण करून देणारा वास. आडव्या कापावर प्रत्येक वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. शिसव आतूनच जांभळट-तपकिरी, मध्ये काळ्या रेघा, आणि वजनाला भारी. सागाचं घनफूट साधारण १८ किलो भरतं, शिसवाचं २३-२४. पलंगाची एक बाजू उचलून पाहिली तरी सवयीच्या माणसाला फरक कळतो. राहता राहिला "बर्मा साग". मुंबईच्या बाजारात ब्रह्मदेशाचा साग भरपूर येत होता आणि १९४२ साली जपाननं तो देश घेतल्यावर ती वाट बंद झाली, हे खरं. पण तयार वस्तू नुसती पाहून हा साग बर्म्याचा, हा दांडेलीचा, हा बल्लारशाचा, असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका आणि त्यापायी जास्त पैसेही देऊ नका.

एक सावधगिरी सोलापुरात विशेष हवी. वाडे पाडले की तुळया-खांबांचं जुनं सागवान वखारीत जातं आणि त्यातून नवी "जुनी" कपाटं तयार होतात. लाकूड खरंच शंभर वर्षांचं असतं, कपाट मात्र गेल्या पावसाळ्यातलं. अशा वस्तूत नको त्या जागी बुजवलेली भोकं, कशाशीच संबंध नसलेल्या खाचा, जुन्या खिळ्यांचे काळे डाग सापडतात. ती वाईट वस्तू नव्हे, कित्येकदा नव्या फर्निचरपेक्षा कितीतरी दणकट असते. फक्त तिचा भाव लाकडाचा आणि मजुरीचा, वयाचा नाही.

आता तुमच्या वस्तू.

झोपाळ्यात फळीपेक्षा कड्या आधी बघा. लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा. खऱ्या जुन्या कडीला जिथे दुसरी कडी अडकते तिथे आतून झीज असते, बोटाला खळगा लागतो. चारही साखळ्या एकाच घडणीच्या आहेत का, मधल्या हत्ती-मोर-घोड्याच्या जोड्या पुऱ्या आहेत का, ते मोजा. फळी एकसंध आणि दीड-दोन फूट रुंद असेल तर उत्तम. एवढी रुंद सागाची फळी आता सहज मिळत नाही. छतातले मूळ आकडे विसरू नका. बहुतेक लोक झोपाळा नेतात आणि आकडे तुळईतच राहतात.

शिसवी पलंग खरोखर शिसवी निघाला आणि डोक्याकडची कोरीव पाटी, चारही कातीव पाय, मच्छरदाणीचे खांब मूळचे असतील, तर लाकूडकामात हीच तुमची सर्वांत महागडी वस्तू. मुंबईत एकोणिसाव्या शतकात काळ्या शिसवाचं दाट कोरीव फर्निचर बनत असे, त्याला आजही मोठे संग्राहक आहेत. पण कोरीव पलंग म्हणजे तेच, असं नाही. कोरीव काम एकाच लाकडातून उठवलेलं आहे की वेगळं कोरून चिकटवलेलं, ते कडेनं बघा. पलंग लांबीला कमी आहे म्हणून कुणी मधल्या पट्ट्या बदलल्या असतील तर किंमत उतरते. हे आपल्याकडे फार होतं, कारण आजची गादी जुन्या पलंगात बसत नाही.

आरशाच्या कपाटात जोड आहे का ते तपासा. वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं, अशी वाटण्यांनंतर जुळवलेली कपाटं मी पुष्कळ पाहिली आहेत. वरच्या आणि खालच्या भागाच्या पाठीचं लाकूड, फळ्यांची जाडी, सांध्यांची पद्धत जुळली पाहिजे. "बेल्जियम काच" ही बढाई बहुतेक घरांत असते. काचेवर नाण्याची कड टेकवा आणि नाणं व प्रतिबिंब यांतलं अंतर बघा, काचेची जाडी कळते. कडेला करडे-काळे ठिपके पडलेला मूळ आरसा बदलू नका. कुलूप उघडून त्यावरचं नाव वाचा. चब किंवा हॉब्ज या जुन्या इंग्रजी कुलूप कंपन्यांचं असेल तर लिहून घ्या, आणि किल्ली शोधा. मूळ किल्ली असलेलं कुलूप वेगळ्या भावाचं.

आरामखुर्चीचं थोडक्यात सांगतो. बैठकीच्या चौकटीला कडेनं एकेक भोक पाडून वेत हातानं विणलेला आहे की तयार वेताची चादर खाचेत दाबून बसवली आहे, एवढं बघा. फिरणारे लांब हात मूळचे आणि दोन्ही एकाच रंगाचे हवेत. वेत फाटलेला असला तरी हरकत नाही, तो परत विणता येतो.

काळ्या खुर्च्यांच्या बैठकीखाली अंगठ्याएवढा कागदाचा तुकडा किंवा ठोकलेली अक्षरं शोधा. वाफेवर बीच लाकूड वाकवून अशा खुर्च्या ऑस्ट्रियाच्या थोनेट कंपनीनं लोकप्रिय केल्या. तिची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची, आणि मुंबईच्या इराण्यांकडे तुम्ही तीच किंवा तिच्या नकला पाहिल्या असतील. नकला अनेक कंपन्यांनी काढल्या, त्यामुळे शिक्का नसेल तर भाव साधा. दोन आहेत तर दोन्ही एकाच घरात राहू द्या. जोडी फोडली की उरलेल्या एकीला अर्ध्याहून बरंच कमी मिळतं.

लोखंडी कपाट फुकटात टाकू नका. गोदरेजनं पोलादी कपाटं १९२३ साली सुरू केली. जुन्या जाड पत्र्याची, मूळ हँडलची, आत आरसा-तिजोरी शाबूत असलेली कपाटं आता हौसेनं विकत घेतली जातात. अँटिक नव्हे, पण भंगाराच्या भावाची तर मुळीच नव्हे.

आणि आता डेस्क. पेढीवरचं बैठं डेस्क दिसायला साधं असतं: ढाळाचं झाकण, आत खण, वर दौत-टाकाची खाच. पण सोलापूर ज्या व्यवहारावर उभं राहिलं, त्या आडतीचं आणि सूत-कापडाचं ते मुख्य हत्यार होतं. कोरीव पलंग महाराष्ट्रात कुठेही सापडेल. भुसार आडतीच्या ओळखीच्या पेढीवरचं, त्याच घरात चार पिढ्या राहिलेलं, शाईच्या डागांसकट शाबूत डेस्क क्वचित मिळतं. म्हणून त्याच्याशी निगडित कागद त्याच्यापासून वेगळे करू नका. खतावण्या, मोडीतल्या पावत्या, हुंड्या, पेढीचं नाव छापलेली कार्डं, मुनीमजी डेस्कापुढे बसलेला एखादा फोटो, सगळं एका पेटीत ठेवा आणि पेटीवर लिहा की हे या डेस्काचं. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, एका पावतीवरची तारीख वय ठरवून टाकते. आतले खण बाहेर काढून मागची जागा मोजा. बाहेरून खण अठरा इंच खोल आणि आतून चौदा भरला तर उरलेल्या चार इंचांत चोरकप्पा असू शकतो. झाकणावरची शाई पुसू नका. डेस्कावर पांढरं जडावकाम असेल तर ते काळजीपूर्वक तपासा. हाडात बारीक काळे ठिपके किंवा रेषा दिसतात, हस्तिदंताच्या कापल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा. हस्तिदंत निघाला तर विक्रीचा विचार तिथेच थांबवा. वन्यजीव कायद्यानं त्याचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी.

आता भाव. "याची किंमत किती" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. कशासाठी किंमत हवी, ते आधी ठरवा. विम्यासाठी हवी तर तशीच वस्तू आज दुकानातून आणायला किती पडतील ते. वाटणीसाठी हवी तर घाई नसलेला विकणारा आणि जाणकार घेणारा यांच्यात जो सौदा होईल तो. व्यापाऱ्याला विकायची तर त्याहून कमी, आणि त्यात अन्याय नाही. त्याला वाहतूक, दुरुस्ती, गोदाम आणि वर्षानुवर्षं अडकलेला पैसा सोसायचा असतो. माझ्या अनुभवात व्यापारी दुकानातल्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत देतो. त्याखाली गेला तर उठून यावं.

सगळ्यात खाली असतो लाकडाचा भाव, आणि तो तुम्ही घरी काढू शकता. पलंगाचे चार पाय तीन इंच चौरस आणि तीन फूट उंच असतील तर पाऊण घनफूट. साडेसहा फुटांच्या दोन बाजूपट्ट्या, सहा इंच रुंद, दीड इंच जाड, त्या साधारण ०.८. चार फुटांच्या दोन आडव्या पट्ट्या त्याच जाडी-रुंदीच्या, त्या अर्धा. डोक्याकडची चार फूट बाय अडीच फुटांची एक इंची पाटी, ती ०.८. एकूण जवळजवळ तीन घनफूट. झोपाळ्याची सहा बाय दोन फुटांची दोन इंची फळी म्हणजे बरोबर दोन घनफूट. अशी सगळ्या वस्तूंची बेरीज करा, शहरातल्या दोन वखारींत जुन्या सागाचा आणि शिसवाचा घनफुटाचा दर विचारा, कड्यांचं पितळ तराजूवर घालून मोडीच्या भावानं धरा. येणारा आकडा म्हणजे वस्तू जळणात निघाल्या नाहीत एवढीच हमी. तुमचे ८०,००० या आकड्याच्या जवळपास असतील तर व्यापारी तुम्हाला फक्त लाकडाचे पैसे देतो आहे. वय, घडण, पूर्णपणा आणि घराण्याची माहिती तो फुकट नेतो आहे. मी फोटोवरून रुपयांत किंमत सांगत नाही आणि सांगणाऱ्यावर तुम्हीही विसंबू नका. पण पलंग खरा शिसवी आणि कड्या पुऱ्या असतील, तर उक्त्या ८०,००० ला हात हलवून नाही म्हणा.

दोन-तीन ठिकाणी विचारणा करा. मुंबईत ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आणि चोरबाजार इथे दुकानदार काय मागतात ते पाहून या, पण मागितलेला भाव आणि मिळालेला भाव एक नसतो. कोरीव शिसवाचं काम असेल तर लिलावघरांच्या जुन्या निकालांत प्रत्यक्ष विकलेल्या किमती पाहता येतात. दारं, कुलुपं, घरगुती वस्तू कशा घडणीच्या असत हे डोळ्यांत बसवायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा सावकाश बघा.

वाटणीसाठी माझी पद्धत सरळ आहे. आधी तिघांच्या समोर सगळ्या वस्तूंचे फोटो, मापं, खुणा एका वहीत. मग वाटणीचा भाव प्रत्येक वस्तूला वेगळा. मग ज्याला जी वस्तू खरोखर घरात ठेवायची आहे त्यानं ती त्या भावानं घ्यावी, आणि फरक रोखीनं जुळवावा. जोड्या फोडू नयेत. आरसा एकाला, कपाट दुसऱ्याला, झोपाळ्याची फळी थोरल्याला आणि कड्या धाकट्याला असं न्यायाच्या नावाखाली करतात, त्यात सगळ्यांचंच नुकसान होतं. ठरलेलं लिहून सह्या घ्या. घरगुती वापराचं फर्निचर विकल्यावर त्यावर साधारणपणे भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण कलाकृती आणि चित्रं त्यात मोडत नाहीत. तुमच्या सीएंना एकदा विचारा.

कायद्याचंही बघा. पुरावशेष आणि कलाकृती अधिनियम १९७२ सालचा आहे आणि त्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीनं महत्त्वाची अशी शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे पलंग पाठवायचा बेत असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागेल. वर शिसवाची अडचण वेगळी: त्याची सगळी प्रजाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहे. देशात घरची वस्तू विकायला हे आड येत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याच कामात सगळ्यात मोठा पैसा बुडतो म्हणून सांगतो. विकसन करारात पाडकामाच्या मालाचा हक्क कुणाचा लिहिला आहे ते आजच वाचा. बहुतेक करारांत तो बिल्डरला किंवा पाडणाऱ्या ठेकेदाराला जातो. तुमच्या माळवदाच्या तुळया, खांब, दिंडीदरवाजा, फडताळांची दारं, पितळी कड्या-कोयंडे, जुन्या बिजागऱ्या यांत तुमच्या सातही वस्तूंपेक्षा जास्त लाकूड आहे. करार झाला नसेल तर हे सामान मूळ मालकांचं राहील, अशी ओळ घालून घ्या. झाला असेल तर निदान कोरीव चौकट आणि गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली आडवी पट्टी) वेगळी मागून घ्या, पाडकामाआधी सुताराकडून सोडवा. मजुरानं सब्बल लावली की कुसू, म्हणजे सांध्यात अडकणारी लाकडाची टोकं, तुटतात आणि चौकट परत उभी राहत नाही. गणेशपट्टीवर मूर्तीचं कोरीव काम असेल आणि ती शंभरीपलीकडची वाटत असेल, तर तिची नोंदणी लागते का हे पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा.

सामान हलवायची घाई झालीच तर ते गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात चार दिवसांत सांधे उघडतात. कूलरच्या झोतासमोरही नको, ओल्या वाऱ्यानं पातळ चिकटवलेली लाकडी पापुद्री फुगून सुटते. मातीच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कपाटाचे मागचे पाय वाळवीनं आतून पोकळ केलेले असू शकतात, म्हणून हलवण्याआधी पटाशीच्या मुठीनं ठोकून बघा. घुणाची शंका असेल तर वस्तूखाली काळा कागद अंथरा आणि आठवड्यानं बघा, ताजी पिवळी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. पलंग सोडवताना प्रत्येक बोल्टला आणि पट्टीला खडूनं जोडीचा आकडा घाला, बोल्ट एका डब्यात, डबा पलंगाला बांधून.

फोटो परत पाठवायचे असतील तर हे पाठवा: पलंगाच्या एका पायाचा तळ, डेस्काचा उलटा केलेला खण, कपाटाची पूर्ण पाठ, कुलपावरचं नाव, एका कडीचा आतला भाग आणि काळ्या खुर्चीच्या बैठकीची खालची बाजू. शेजारी टेप किंवा पट्टी ठेवून, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात.